रक्तातील दुग्धाम्लाची साक्ष

हृदयारोपणाची शस्त्रक्रिया संपून रुग्णाला अतिदक्षता विभागात आणले जाते, तेव्हा शस्त्रवैद्यांचे काम बव्हंशी पार पडलेले असते. रुग्णाच्या जीविताचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नसतो. छाती शिवलेली असते, नवे हृदय धडधडत असते आणि पडद्यावर त्याची रेषा नियमाने उमटत असते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातलगांना वाटते, हृदय चालू झाले म्हणजे सारे झाले. आतील डॉक्टरांची चिंता वेगळी असते. हे हृदय चालते खरे, पण ते मेंदू, यकृत, मूत्रपिंड आणि आतडी यांना पुरेल इतके रक्त पोचविते किंवा नाही, हे त्या रेषेवरून कळत नाही.

यास्तव परिचारिका दर काही तासांनी रुग्णाच्या मनगटातील रोहिणीत, म्हणजे शुद्ध रक्तवाहिनीत, बसविलेल्या बारीक नळीतून थोडेसे रक्त काढते, विभागातच ठेवलेल्या यंत्रात घालते आणि दोन-तीन मिनिटांत मिळालेले आकडे तक्त्यात नोंदविते. प्राणवायू, कर्बवायू, साखर, पोटॅशियम इत्यादींच्या जोडीला त्यात एक आकडा लॅक्टेटचा असतो. लॅक्टेट म्हणजे आपल्या परिचयाचे दुग्धाम्ल. रक्तात ते आम्लाच्या रूपात न राहता क्षाररूपात राहते, म्हणून वैद्यकात त्यास लॅक्टेट असे म्हणतात. निरोगी मनुष्याच्या रक्तात त्याचे प्रमाण दर लिटरला सुमारे अर्धा ते दोन मिलिमोल इतके असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसात हा आकडा कोणीकडे सरकतो आहे, यावर डॉक्टरांचे बारीक लक्ष असते.

दह्यापासून रक्तापर्यंत

दुग्धाम्लाचा शोध रुग्णालयात लागला नाही. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७८० साली आंबलेल्या दुधातून ते वेगळे केले आणि त्यावरूनच त्यास हे नाव मिळाले. दह्याताकाला जो आंबटपणा येतो तो याच आम्लाचा. पुढे स्वीडनचेच बर्झेलियस यांना शिकारीत धावून धावून थकलेल्या प्राण्यांच्या स्नायूंत ते आढळले. १८४३ मध्ये जर्मनीतील वुर्झबुर्ग येथील वैद्य शेरर यांनी बाळंतपणातील आजाराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते असल्याचे नमूद केले. गंभीर आजार आणि रक्तातील दुग्धाम्ल यांचा संबंध दाखविणारी ही आरंभीची नोंद होय. त्यानंतर १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून असे दाखविले की, प्राणवायू न मिळता स्नायू काम करू लागला की त्यात दुग्धाम्ल साचते, आणि प्राणवायू मिळाला की ते नाहीसे होते. आजच्या अतिदक्षता विभागातील त्या एका आकड्याचा पाया या प्रयोगात आहे.

शरीरातील प्रत्येक पेशी साखरेपासून शक्ती मिळविते. या कामाचा पहिला टप्पा प्राणवायूशिवाय पार पडतो, पण त्यात हाती लागणारी शक्ती अत्यल्प असते. साखरेच्या एका रेणूमागे शक्तीच्या जेमतेम दोन पुड्या मिळतात असे म्हणता येईल. दुसऱ्या टप्प्यास प्राणवायू लागतो; तो मिळाल्यास त्याच रेणूपासून तीसच्या आसपास पुड्या निघतात. प्राणवायू तोकडा पडला की दुसरा टप्पा अडतो. मग पेशी पहिल्याच टप्प्यावर निभावून नेण्याचा प्रयत्न करते, आणि अडून राहिलेल्या मालाचे रूपांतर लॅक्टेटमध्ये होऊन तो रक्तात उतरतो. तालमीत जोर मारणाऱ्या पैलवानाच्या रक्तात लॅक्टेट वाढते ते असेच. पैलवान दम घेतो आणि काही वेळात आकडा खाली येतो. अतिदक्षता विभागात निपचित पडलेल्या रुग्णाने कोणताही व्यायाम केलेला नसतो. त्याच्या रक्तात लॅक्टेट वाढत असेल तर त्याचे कारण शोधावेच लागते.

येथे एक समजूत दूर करणे इष्ट ठरेल. लॅक्टेट म्हणजे शरीरातील कचरा किंवा विष, असे बरेच दिवस मानले जात होते आणि शाळांतून ते तसेच शिकविलेही जात असे. वस्तुस्थिती तशी नाही. रक्तातील तांबड्या पेशींत प्राणवायू वापरणारी यंत्रणाच नसल्यामुळे त्या अहोरात्र लॅक्टेट तयार करीत असतात. यकृत ते रक्तातून उचलते आणि त्यापासून पुन्हा साखर बनविते. हे चक्र उलगडून दाखविणारे गर्टी आणि कार्ल कोरी हे दांपत्य १९४७ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. निरोगी हृदय तर लॅक्टेटचा इंधन म्हणून सर्रास उपयोग करते. तेव्हा रक्तातील लॅक्टेटचा आकडा हा गावच्या तलावातील पाण्याच्या पातळीसारखा आहे. पातळी चढली, तर आवक वाढली असेल किंवा जावक घटली असेल. दोन्ही एकदम झालेही असेल. नुसत्या पातळीवरून यांपैकी काय घडले ते कळत नाही. या परीक्षेचा उपयोग आणि तिची मर्यादा ही दोन्ही या एका गोष्टीत सामावलेली आहेत.

मुके हृदय

लॅक्टेटची तपासणी कोणत्याही गंभीर रुग्णास उपयोगी पडते. १९६४ मध्ये अमेरिकेतील ब्रोडर आणि वाइल या संशोधकांनी रक्ताभिसरण कोसळलेल्या रुग्णांची पाहणी करून, लॅक्टेट जितके अधिक तितकी रुग्ण वाचण्याची आशा कमी, असा निष्कर्ष मांडला होता. परंतु हृदयारोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत या तपासणीस विशेष महत्त्व येते, आणि त्याचे कारण नव्या हृदयाच्या रचनेत आहे.

दात्याच्या शरीरातून हृदय काढताना त्याच्या रक्तवाहिन्यांबरोबर त्याकडे जाणारे मज्जातंतूही तुटतात. शस्त्रवैद्य रक्तवाहिन्या जोडतात. मज्जातंतू जोडता येत नाहीत. परिणामी नवे हृदय मेंदूपासून तुटलेले असते. ते आपल्या अंगच्या लयीने, साधारणतः मिनिटास ९० ते ११० ठोके देत चालते. आपल्या हृदयाला रक्त कमी पडले तर छातीत कळ येते. या हृदयाची कळ रुग्णाला बहुधा जाणवत नाही. रक्तदाब खाली आला की एरवी नाडी लगोलग जलद होते. येथे ती तशी होत नाही. त्यातच पहिले काही दिवस बाहेरील विद्युत् यंत्राच्या साहाय्याने ठोक्यांची गती पुष्कळदा ठरवून दिलेली असते. म्हणजे नाडीवर बोट ठेवून पिढ्यान्‌पिढ्या वैद्य जे ओळखत आले, ते या रुग्णात ओळखू येत नाही. रुग्ण स्वतः गुंगीत असतो आणि त्याच्या घशात श्वासनळी असते.

जे हृदय आपले दुःख सांगू शकत नाही, त्याच्याविषयी शरीराच्या इतर अवयवांनाच विचारावे लागते. लघवी ताशी किती होते, हातपाय गरम आहेत की गार, हृदयाकडे परतणाऱ्या अशुद्ध रक्तात प्राणवायू किती शिल्लक राहिला, आणि लॅक्टेट किती, या चार गोष्टी एकत्र पाहिल्या की नव्या हृदयाच्या कर्तबगारीचा अंदाज येतो.

आकडा का चढतो

शस्त्रक्रियेहून आलेल्या रुग्णाचे लॅक्टेट सामान्य असावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. जुने हृदय काढून नवे बसविले जात असताना रक्ताभिसरणाचे आणि श्वसनाचे काम कृत्रिम हृद्-फुप्फुस यंत्र करीत असते. यंत्राचा प्रवाह निसर्गाच्या प्रवाहासारखा नसतो. शरीराच्या कानाकोपऱ्यांत रक्त कमी पोचते. शस्त्रक्रिया संपून शरीर पुन्हा उबदार होऊ लागले की हातापायांच्या आकसलेल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि तेथे साचलेले लॅक्टेट धुऊन निघून मुख्य प्रवाहात येते. त्यामुळे रुग्ण सुधारत असतानाच पहिले काही तास आकडा वाढलेला दिसतो, ही वरवर चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते. अशी वाढ पुष्कळ रुग्णांत होते आणि बहुधा एका दिवसात ओसरते.

चिंतेची वाढ निराळी. नवे हृदय, विशेषतः त्याचा डावा कप्पा, प्रवासातील थंडी आणि रक्ताचा अभाव यांमुळे मलूल झालेला असू शकतो. पहिल्या चोवीस तासांत दिसून येणाऱ्या या दुर्बलतेस, तिचे दुसरे कोणतेही कारण सापडत नसल्यास, रोपित हृदयाची प्राथमिक दुर्बलता असे म्हणतात. आरोपणानंतरच्या पहिल्या महिन्यात होणाऱ्या मृत्यूंचे ते एक प्रमुख कारण आहे. उजव्या कप्प्याची अडचण आणखी वेगळी असते. ज्या रुग्णाचे जुने हृदय वर्षानुवर्षे थकलेले होते, त्याच्या फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला असतो. दात्याच्या उजव्या कप्प्याला असा दाब ठाऊक नसतो. त्याला एका रात्रीत चढावर गाडा ओढावा लागतो. तो थकला की पुढे रक्त कमी जाते आणि मागे यकृतात तुंबते. म्हणजे एकीकडे अवयवांना प्राणवायू कमी पडून लॅक्टेटची आवक वाढते, आणि दुसरीकडे तुंबलेले यकृत ते उचलीनासे होऊन जावक घटते. अशा वेळी आकडा भराभर चढतो. छातीत रक्त साचून हृदयावर बाहेरून दाब पडणे, अंतर्गत रक्तस्राव, आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडणे, जंतुसंसर्ग ही कारणेही लक्षात ठेवावी लागतात.

यांखेरीज तिसरा एक वर्ग आहे, आणि नवशिक्या डॉक्टरांची फसगत होते ती येथेच. नव्या हृदयाला आधार म्हणून ॲड्रेनलिनचा थेंब-थेंब पुरवठा चालू असतो. हे औषध पेशींना साखर जलद जाळावयास लावते. परिणामी प्राणवायूचा तुटवडा नसतानाही लॅक्टेट वाढते. रक्तपेढीतून आणलेल्या रक्तातही साठवणीच्या काळात लॅक्टेट जमलेले असते आणि पुष्कळ बाटल्या द्याव्या लागल्या तर त्याचा परिणाम दिसतो. रुग्णाला भरलेली हुडहुडी, अपस्माराचा झटका, ब-१ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही आकडा हलतो. १९७६ मध्ये कोहेन आणि वुड्स यांनी लॅक्टेटवाढीचे दोन प्रकार पाडले ते याच कारणास्तव. पहिल्या प्रकारात ऊतींना प्राणवायू कमी पडल्याची उघड लक्षणे असतात. दुसऱ्यात ती नसतात. ही विभागणी शिकविण्यास सोयीची आहे. प्रत्यक्ष रुग्णात मात्र दोन्ही प्रकार बेमालूम मिसळलेले असतात.

तक्त्याचे वाचन

दोन रुग्णांची कल्पना करावी. दोघेही रात्री आठ वाजता अतिदक्षता विभागात आले आणि दोघांचेही लॅक्टेट सहा निघाले. मध्यरात्री पहिल्याचा आकडा साडेचार झाला, पहाटे तीन आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोन. दुसऱ्याचा मध्यरात्री साडेसात झाला आणि पहाटे नऊ. रात्री आठच्या नोंदीवरून या दोघांत काहीच भेद करता आला नसता. मध्यरात्रीच्या नोंदीने तो केला. म्हणूनच एका सुट्या आकड्यापेक्षा आकड्यांच्या ओळीला डॉक्टर अधिक मान देतात, आणि म्हणूनच परिचारिकेने ठरल्या वेळी रक्त काढून वेळेसह नोंद करणे हे दिसावयास किरकोळ वाटणारे काम उपचाराचा आधार बनते. चुकलेली एक नोंद पुढे भरून काढता येत नाही.

दुसऱ्या रुग्णासाठी रात्रीच धावपळ सुरू होते. ध्वनिलहरींच्या यंत्राने हृदय पाहिले जाते. भोवती रक्त साचले असेल तर रुग्णास पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेतात. उजवा कप्पा फुगलेला दिसला तर फुप्फुसांतील दाब उतरविण्यासाठी श्वासावाटे नायट्रिक ऑक्साइड वायू देतात. हृदयाचे आकुंचनच मंद असेल आणि औषधे पुरी पडत नसतील, तर रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात प्राणवायू मिसळून परत आत सोडणारे यंत्र जोडले जाते. अवयवांचे पोषण यंत्राने सांभाळले तर मलूल हृदय कित्येकदा काही दिवसांत सावरते. ही सर्व साधने जोखमीची असून ती उशिरा लावण्यात धोका असतो, तसा अकारण लावण्यातही असतो. लॅक्टेटची चढती ओळ डॉक्टरांना शोधास लावते. निर्णय मात्र त्या एका ओळीवर होत नाही.

आता तिसऱ्या एका रुग्णाची कल्पना करावी. त्याचाही आकडा सहावरून सातावर गेला आहे. पण त्याचे पाय गरम आहेत, लघवी भरपूर होत आहे, परतणाऱ्या रक्तात प्राणवायू पुरेसा शिल्लक आहे, आणि तीन तासांपूर्वी ॲड्रेनलिनचे प्रमाण वाढविलेले आहे. येथे औषध हळूहळू कमी करून पाहणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरतो. नुसता आकडा पाहून औषध वाढविले, तर औषधाने आकडा वाढतो आणि आकड्यामुळे औषध वाढते, असा फेरा सुरू होतो. अनुभवी डॉक्टर तक्ता वाचण्याआधी रुग्णाच्या पायांना हात लावून पाहतात, त्यामागे हे कारण आहे.

हात लावून पाहण्याची ही रीत जुनाट ठरलेली नाही. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पाच देशांतील ४२४ रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतुदोषाने रक्ताभिसरण कोसळलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांवर लॅक्टेटच्या आकड्यानुसार उपचार झाले. उरलेल्यांच्या बाबतीत बोटाचे टोक दहा सेकंद दाबून सोडल्यावर त्यावर रंग परत येण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो काय, एवढेच पाहून उपचार ठरविण्यात आले. दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात खात्रीने म्हणता येईल असा फरक निघाला नाही. उलटपक्षी, नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दर दोन तासांस लॅक्टेट वीस टक्क्यांनी उतरविण्याचे लक्ष्य ठेवून केलेले उपचार लाभदायक ठरल्याचे दिसले होते. हे रुग्ण हृदयारोपणाचे नव्हते, हे ध्यानात घ्यावयास हवे. तरीही, यंत्र आहे म्हणून डोळे आणि हात वापरावयाचे नाहीत असे कोणी ठरवू नये, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

रक्त काढण्यातील दक्षता

आकडा खरा असावा यासाठी काही साधे नियम पाळावे लागतात. रक्त शरीराबाहेर काढले तरी त्यातील पेशी जिवंत असतात आणि नळीतही त्यांचे लॅक्टेट बनविणे चालूच राहते. नमुना टेबलावर अर्धा-पाऊण तास पडून राहिला तर रुग्णाचा नसलेला दोष त्याच्या नावे लागतो. यास्तव नमुना तत्काळ यंत्रात घालतात, किंवा प्रयोगशाळेत पाठवावयाचा असल्यास पेशींचे काम थांबविणारे फ्लोराइड असलेल्या नळीत घेऊन बर्फात ठेवून पाठवितात. दंडाला पट्टा आवळून आणि मूठ वळवावयास लावून घेतलेल्या रक्तात आकडा जास्त येऊ शकतो. नळीत अगोदरचे द्रावण राहिलेले असते, म्हणून सुरुवातीचे थोडे रक्त बाजूस काढतात. ज्या नळीतून रिंगर लॅक्टेट हे सलाइन चालू आहे तिच्यातूनच रक्त घेतले तर काय होईल हे सांगावयास नको.

नातलगांच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. काही प्रयोगशाळा हे प्रमाण मिलिमोलमध्ये न देता शंभर मिलिलिटर रक्तातील मिलिग्रॅममध्ये देतात. एक मिलिमोल म्हणजे सुमारे नऊ मिलिग्रॅम. तेव्हा एका कागदावर २ आणि दुसऱ्यावर १८ असे आकडे दिसले, तर लॅक्टेट नऊपट वाढले असा अर्थ होत नाही. दोन्ही आकडे एकाच प्रमाणाचे आहेत.

पूर्वी ही तपासणी प्रयोगशाळेतील रासायनिक प्रक्रियेने होत असे आणि तिला बराच वेळ लागे. अमेरिकन शास्त्रज्ञ लीलँड क्लार्क यांनी १९५६ साली प्राणवायू मोजणारा विद्युत्-अग्र आणि १९६२ साली त्यावर विकराचा थर चढविण्याची कल्पना मांडली. आजच्या यंत्रात लॅक्टेटवर क्रिया करणाऱ्या विकराचा पातळ थर असतो. रक्तातील लॅक्टेटपासून तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि त्यामुळे उत्पन्न होणारा क्षीण विद्युत्-प्रवाह मोजला जातो. लॅक्टेट जितके अधिक, तितका प्रवाह अधिक.

प्रवासातील हृदय

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपणाची शस्त्रक्रिया केली. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केलेल्या जगातील पहिल्या मानवी हृदयारोपणास तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. केप टाउनचा रुग्ण अठरा दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. मुंबईचा रुग्ण काही तासच जगला. मेंदूच्या मृत्यूस मान्यता देणारा कायदा त्या वेळी आपल्याकडे नव्हता आणि परका अवयव शरीराने नाकारू नये यासाठीची प्रभावी औषधेही उपलब्ध नव्हती. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन वापरात आले आणि जगभर या शस्त्रक्रियेला नवा जोम मिळाला. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. हा अधिनियम ४ फेब्रुवारी १९९५ पासून ज्या राज्यांत प्रथम अमलात आला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा यांचा समावेश होता. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूचा मृत्यू प्रमाणित करावा आणि त्यानंतर निकटच्या नातलगांच्या संमतीने अवयव घ्यावेत, अशी त्यात तरतूद आहे. मुंबईत मात्र १९६८ नंतर हृदयारोपणाचे यश पाहण्यास २०१५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ३ ऑगस्ट रोजी पुण्यातील एका मेंदूमृत महिलेचे हृदय विमानाने मुंबईस आणून मुलुंड येथील रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते एका तरुणास बसविले.

बर्फात थंड करून ठेवलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत नव्या शरीरात बसवून सुरू व्हावे लागते. वाहतूक थांबवून रुग्णवाहिकेस मोकळा रस्ता करून दिला जातो तो या चार तासांसाठी. हा अवधी जसजसा लांबतो तसतसे हृदय मलूल होण्याचे भय वाढते. म्हणजे रस्त्यावर गेलेली वीस मिनिटे रात्री अतिदक्षता विभागातील तक्त्यावर उमटू शकतात.

परदेशात अलीकडे हृदय बर्फात न ठेवता यंत्रात उबदार आणि धडधडते ठेवून नेण्याची पद्धत निघाली आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाने २०१४ मध्ये, ठोके थांबून मृत्यू पावलेल्या दात्याचे हृदय अशा यंत्राच्या साहाय्याने सावरून रुग्णास बसविले. ते हृदय घेण्याजोगे आहे किंवा नाही, याचा निर्णय करण्यात लॅक्टेटचा मोठा वाटा असतो. हृदयात शिरणाऱ्या रक्तातील आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या रक्तातील लॅक्टेट मोजतात. निरोगी हृदय लॅक्टेट इंधन म्हणून वापरत असल्याने बाहेर पडणाऱ्या रक्तात ते कमी असावयास हवे. ते उलट वाढलेले दिसले, तर ते हृदय स्वतःच उपाशी आहे असे समजतात. अशा रीतीने हे हृदय रुग्णाच्या छातीत जाण्यापूर्वीच त्याची एक परीक्षा झालेली असते.

जे लॅक्टेट सांगत नाही

पुढील आठवड्यांत रुग्णाचे शरीर नव्या हृदयास परके मानून त्यावर हल्ला करीत आहे काय, हे लॅक्टेटवरून ओळखता येत नाही. त्यासाठी मानेतील नीलेवाटे बारीक चिमटा हृदयापर्यंत नेऊन त्याचा कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. नकाराने हृदयाची शक्ती खचल्यावर लॅक्टेट वाढेलही, पण तोवर उशीर झालेला असतो. रुग्ण जन्मभर जी औषधे घेणार, त्यांची मात्रा ठरविण्यातही लॅक्टेटचा उपयोग नाही. त्याचे काम पहिल्या काही दिवसांचे, आणि तेवढ्यापुरते ते चोख आहे.

आकडा दोनच्या खाली आला आणि तेथे टिकून राहिला की तपासणीचे अंतर वाढविले जाते. दोन तासांचे चार होतात, चारांचे आठ. ॲड्रेनलिन बंद होते. घशातील नळी निघते आणि रुग्ण घोगऱ्या आवाजात पाणी मागतो. मग एखाद्या सकाळी मनगटातील नळीही काढून टाकतात, आणि परिचारिका तेथे काही मिनिटे बोटाने घट्ट दाबून धरते. त्या दिवसापासून तक्त्यातील लॅक्टेटचा रकाना कोराच राहतो.